येते की जाते

कट कट कट कट कट... नाही, मला हे पटतच नाही! मुका सिनेमा म्हणे! हे नाव ठेवलं कुणी? ज्यानं ठेवलं तो त्या पेटीपुढे कधी पाठ करून बसलेला नसणार. मी बसलोय. तीन पायांवर उभी लाकडी पेटी, तिच्या कुशीला एक हँडल, आणि ते फिरवणारा एक जाडा माणूस. ते हँडल फिरायला लागलं ना, तुम्हाला सांगतो, मानेमागे कुणी जात्यात खडे भरडतंय असं वाटायचं. कट कट कट कट! अजून एखाद्या दुपारी डोळा लागला की ऐकू येतं. मुका कसला, इतकं बडबडं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. त्यानं आम्हाला मुकं केलं, ही गोष्ट वेगळी. आणि वर लोक मलाच विचारतात, "आजोबा, ती काय म्हणाली? तुम्ही तर समोर होतात!"

होतो. समोरच होतो. हात लांब केला असता तर हाताला लागली असती, इतक्या समोर. पण ऐकू आलं नाही! झालं समाधान?

थांबा, नीट सांगतो. मला भराभर बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं, त्यामुळे माझी जीभ तशी फारशी वापरलेली नाही. मी वेताच्या खुर्च्या विणायचो. मी वेत ओढायचो आणि ती विषय ओढायची. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते झोपेतसुद्धा एखाद्या शेजारणीला उत्तर देऊन मगच कूस बदलायची. "आलेच हं" म्हणून इस्त्रीवालीकडे कपडे टाकायला जायची, आणि कपडे इस्त्री होऊन घरी यायचे, ही नाही! आणि प्रत्येक बोलण्याचा शेवट एकच. मी छत्री विसरलो, "सांगितलं होतं ना तुम्हाला!" पायरीवर घसरलो, "सांगितलं होतं ना!" अहो, माझे केस पांढरे झाले तेव्हासुद्धा म्हणाली, "सांगितलं होतं ना तुम्हाला!" आता केस पांढरे होणार हे आधी कळून मी काय करणार होतो? दुसरं डोकं आणणार होतो?

तर अशा बाईचं मागे काय राहावं? तुम्हीच सांगा. एखादी तबकडी राहावी, कुठल्या भिंतीत थोडा आवाज मुरलेला राहावा... नाही! राहिला तो मुका सिनेमा. जिनं जन्मभर श्वास घेण्यासाठी वाक्य थांबवलं नाही ती पडद्यावर ओठ हलवतेय, आणि आवाज नाही. देव थट्टा करतो तीसुद्धा कशी नेम धरून करतो बघा.

त्याचं असं झालं. आमचं लग्न नवं होतं. आमच्या गल्लीत एक कंपनी आली. सिनेमा करायला नाही हो, माझ्याकडे खुर्ची मागायला! पुढे एक टोपीवाला, तोच सगळ्यांना हुकूम सोडत होता. मला म्हणाला, "कारागीर, बरबाद झालेल्या माणसाला शोभेल अशी एक खुर्ची द्या." मी म्हटलं, माझ्याकडच्या खुर्च्या धड आहेत, बरबादीसाठी दुसरं दुकान बघा. तेवढ्यात त्याची नजर आमच्या दाराकडे गेली. दारावर ऊन होतं. तेव्हा दिवेबिवे कुठले, ऊन असेल तिथे सिनेमा. टोपीवाला म्हणाला, "वा! काय दार आहे! काय दुःख आहे या दारात!" त्या दाराची चौकट डोक्याला लागते यापलीकडे त्यात काही दुःख आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

गोष्ट तशी एवढीशी. अख्खा खेळ चहा निवायच्या आत संपणारा. नवरा पत्त्यांत सगळं घालवतो, बायको घर सोडून निघते, नवरा दारापुढे खुर्चीवर मान खाली घालून बसून राहतो. संपलं! मी टोपीवाल्याला विचारलं, पुढे काय होतं? तो म्हणाला, "पुढे पांढरा पडदा." आता याला काय गोष्ट म्हणायची?

पण नायकाला जेव्हा कळलं की शेवटच्या प्रसंगात पेटीकडे पाठ करून बसायचंय, तेव्हा तो असा भडकला! "मी काय पाठ दाखवायला आलोय?" असं म्हणाला, आणि पाठ दाखवून निघून गेला. तिकडे नायिकेची दाढ सुजलेली. गाल असा टम्म, की एका बाजूनं बघावं तर दुःखी आणि दुसऱ्या बाजूनं बघावं तर तोंडात अख्खं सफरचंद. टोपीवाला डोकं धरून आमच्या पायरीवर बसला. ऊन काही कुणासाठी थांबत नाही. आणि अशा वेळी आमची ही, दारात उभी राहून, अख्ख्या कंपनीला शिकवत होती! "अहो, रडताना कपाळाला हात कोण लावतं? आधी नाक पुसावं लागतं!" टोपीवाल्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. म्हणाला, "बाई, तुम्हीच या." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही खुर्चीत बसा. पाठ कुणाचीही चालते."

मला आजवर इतकं खरं कुणी बोललेलं नाही.

मग सुरू झालं. टोपीवाला म्हणाला, "बाई, दारात यायचं, नवऱ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, जाते. बस्स."

"जाते?"

"जाते."

"मी नाही म्हणणार."

"का?"

"घरातून निघताना जाते कसं म्हणायचं? तोंडातून गेलं म्हणजे गेलं. मी येते म्हणेन."

"अहो, ती परत यायची नाहीये!"

"ती नसेल यायची. मला यायचंय. आत माझी शेगडी पेटलीय."

"बाई, यात आवाज येत नाही! तुम्ही काहीही म्हणा, कुणाला ऐकू जाणार नाही!"

"मग मी येते म्हटलं तर तुमचं काय बिघडलं?"

आता बोला! टोपीवाल्यानं टोपी काढली, परत घातली. "ओठ दिसतात हो, ओठ! जा म्हणताना तोंड उघडतं, ये म्हणताना फाकतं!" झालं. जमलेली सगळी गल्ली तोंडं करून बघायला लागली. जा... ये... जा... ये... दूधवाला, शेजारणी, सुजलेल्या गालाची नायिका, एवढंच काय, तो हँडलवाला जाडासुद्धा हँडल सोडून जा-ये, जा-ये! लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, गल्लीत माशांचं तळं झालंय. शेवटी टोपीवाल्यानं हात जोडले. "बाई, मनाला येईल ते म्हणा. फक्त चेहरा जातेचा ठेवा!"

आणि मला म्हणाला, "तुमची मान खाली. वर केलीत तर सगळं फुकट."

मी मान खाली घातली. कट कट कट कट... मला दिसले ते तिचे पाय. उजव्या पायाच्या अंगठ्यावर पिठाचा एक पांढरा ठिपका. पाय दारात आले, थांबले. बराच वेळ थांबले, म्हणजे बोलत असणार. मागे ते जातं भरडतंय, आणि माझ्या डोक्यावर कुठेतरी माझी बायको मला काहीतरी सांगतेय. मग पाय वळले आणि गल्लीच्या टोकाकडे चालायला लागले. चालता चालता दिसेनासे झाले. मी मान वर केली नाही. उन्हात बसून होतो, खुर्चीच्या सावलीत वेताची जाळी पडली होती तिच्याकडे बघत, आणि का कोण जाणे, मला खरंच वाटायला लागलं की मी पत्त्यांत काहीतरी घालवलंय.

हँडल थांबलं. बघतो तर टोपीवाला रडतोय! "काय चेहरा! काय काळजी त्या डोळ्यांत! घर सोडून निघालेली बाई अशीच बघते!" हँडलवाला नाक पुसतोय, सगळी गल्ली सुन्न झालेली. आणि ही कोपऱ्यावरून वळून आली ती कुणाकडे न बघता सरळ आत. आतून ओरडली. दूध उतू गेलं होतं. शेगडी विझली, भांडं करपलं, आणि तीच बाहेर येऊन मला, "सांगितलं होतं ना तुम्हाला!" मी म्हटलं, अगं कधी? "सांगितलं होतं!" घ्या! म्हणजे छत्रीच्या पंगतीला आता दूध. मी गप्प बसलो. नव्या नवऱ्यानं गप्प बसावं, जुन्यानं तर बसावंच.

संध्याकाळी हळूच विचारलं, "तू तिथे दारात काय म्हणालीस? येते की जाते?"

"ऐकलं नाहीत?"

"ते हँडल..."

"मग बसा तसेच. मी एकदा बोलले ते बोलले."

अहो, जी बाई एक गोष्ट दहादा सांगायची, समोरचा झोपला तर उठवून अकराव्यांदा सांगायची, ती ही एवढी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगेना! मुलगी झाली तेव्हा विचारलं, मुलीचं लग्न झालं तेव्हा विचारलं. मला ताप भरला होता तेव्हा तापाचा फायदा घेऊन विचारलं. उत्तर एकच, "सिनेमा येईल तेव्हा बघा." सिनेमा आलाच नाही. कंपनी दुसऱ्या गावांना गेली, मग म्हणे बुडाली, मग म्हणे फिल्म जळाली. ही मात्र प्रत्येक नव्या खेळाची जाहिरात लागली की विचारून यायची, "तो आमच्या दाराचा आहे का हो?"

आणि गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुपार होती. मी या खोलीत एका खुर्चीची पाठ विणत होतो, ती त्या खोलीत पडून बोलत होती, मी हूं हूं करत होतो. मग बोलणं थांबलं. मला वाटलं, डोळा लागला. तुम्हाला सांगतो, आमच्या घरातली ती पहिलीच शांतता, आणि ती मला थोडा वेळ बरी वाटली हो... मी दोन ओळी विणल्यासुद्धा.

इस्त्रीवालीकडे जायचं तरी सांगून जाणारी बाई. आणि एवढ्या लांब जाताना काही नाही! म्हणून मला ते पाहिजे होतं. येते की जाते. तिचं न ऐकलेलं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. बाकी सगळं मी ऐकून संपवलेलं.

अशात एके दिवशी दारात एक चष्मेवाला पोरगा. जुन्या फिल्मा गोळा करणं हे त्याचं काम. आता हे काम असतं हे मला काय ठाऊक! कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्याखाली बिस्किटाच्या डब्यात फिल्म सापडली. तिच्यातलं दार शोधत शोधत तो आमच्या गल्लीत पोचला, माझ्यापुढे एक फोटो धरला आणि म्हणाला, "आजोबा, ही पाठ तुमची आहे का?" अरे बाबा, माझी पाठ मी कधी पाहिलीय? मी मुलीला हाक मारली. मुलीनं फोटो पाहिला, माझ्यामागे जाऊन मला पाहिलं. म्हणाली, "बाबा, पाठ तुमचीच. आणि समोर..." फोटोत आईचं तोंड माझ्या डोक्याआड अर्धं झाकलेलं. बघा, तिथेसुद्धा मी मध्ये.

पोरानं ती फिल्म थिएटरात दाखवायचं ठरवलं, खेळ दुपारचा होता. मुलगी माझ्याबरोबर आणि मी म्हटलं, इस्त्रीवालीला घेऊ. तिला मी उगाच नेलं नाही. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठ वाचते. असे वाचते, की समोरच्या माडीवर खिडकी लावून भांडलं तरी हिला कळतं, काच स्वच्छ पाहिजे फक्त. आणि आमच्या हिचे ओठ तर तिनं जन्मभर वाचलेले. हिचं समाधान तिथेच व्हायचं, कारण इस्त्रीवालीचे कान कधी दुखत नसत! फक्त एक आहे, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना, त्यामुळे कानात सांगायला गेली तरी चौकात ऐकू जातं.

खुर्च्या गुबगुबीत. अशा खुर्चीत पाठीला काही कळतच नाही. पुढे एका बाईंनी केसांचा मनोरा बांधलेला, त्याच्या उजवीकडून पडदा दिसत होता तेवढा दिसत होता. चष्मेवाल्यानं भाषण केलं. कला, काळ, आणखी काय काय. मग अंधार झाला. मागच्या भोकातून उजेडाचा एक पट्टा आला, त्यात धूळ तरंगत होती, आमच्या खोलीत वेत तासताना उन्हात उडायची तशीच अगदी. आणि पडद्यावर आमची गल्ली!

काय सांगू... सगळं तेच आणि सगळं धुतलेलं. उन्हाला रंग नाही, भिंतींना रंग नाही, माणसं जरा घाईनं चालतात, जशी स्वप्नात चालतात. एक कुत्रं आडवं गेलं. ते मला ओळखत होतं हो! हँडलचा आवाज नाही, काही नाही. मग आमचं दार, दारापुढे खुर्ची, खुर्चीत एका तरुण माणसाची रुंद पाठ. मला त्या पाठीचा जरा हेवा वाटला. आणि दार उघडलं.

ती आली.

तुम्हाला सांगतो, मी तिला अशी पाहिलीच नव्हती. कशी पाहणार? माझी मान खाली! ते सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी पिठाचा ठिपका बघत होतो. केवढीशी होती. गालावर बट आलेली, ती फुंकरीनं उडवायची सवय तेव्हापासूनची. आणि मी इथे अंधारात, कवळी लावून, काठी धरून. ती तशीच राहिली आणि मीच तेवढा इतक्या लांब चालत आलो. तिनं मान उचलून बघितलं असतं तर मला ओळखलंसुद्धा नसतं, म्हणाली असती, कोण हे म्हातारबाबा, आत बोलवा, पाणी द्या.

तिचे ओठ हलायला लागले. मनोरावाल्या बाईंनी रुमाल काढला. तेवढ्यात पडद्यावर मध्येच पाटी आली, मोठ्या अक्षरांत. मी अक्षरं जुळवली, "जाते! का-य-म-ची!" आणि माझ्या शेजारून इस्त्रीवाली ओरडली,

"दूध!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगी म्हणते, "मावशी, हळू!" पण हळू ऐकायला कान पाहिजेत ना!

"दूध ठेवलंय म्हणतेय! शेगडीवर दूध ठेवलंय, लक्ष असू द्या म्हणतेय, दादा!"

अहो, काय हशा पिकला! रुमाल हसले, मनोरा हलला, चष्मेवाला चष्मा पुसायला लागला. पडद्यावर ती घर सोडून चालली होती, आणि लोक पोट धरून हसत होते. मीच तेवढा हसलो नाही. मला त्या करपलेल्या भांड्याचा वास आला. सांगितलं होतं ना तुम्हाला! अगं हो गं, सांगितलं होतंस! खरंच सांगितलं होतंस! ती डोळ्यांतली काळजी, जी पाहून टोपीवाला ढसाढसा रडला, ती दुधाची होती! इतकी वर्षं मी मनात म्हणत होतो, ही बाई न सांगता सांगितलं म्हणते. आणि पुरावा बिस्किटाच्या डब्यात पडलेला!

पण मग येते की जाते? पाटीच्या नंतर तिचे ओठ परत एकदा हलले होते. शेवटचं, एवढंसं काहीतरी. हशात ते निसटलं. मी उभा राहिलो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, पण काठी आपटली आणि म्हटलं, "पोरा, तेवढा तुकडा पुन्हा दाखव बाबा. ती एकदा बोलली ते बोलली, तुझ्याकडे तरी दुसऱ्यांदा आहे."

हशा थांबला. मागे खटपट झाली, उजेडाचा पट्टा परत आला. दार उघडलं. ती आली. दूध सांगितलं. पाटी आली, गेली. या खेपेला मी इस्त्रीवालीकडे बघत नव्हतो, तिच्याकडेच बघत होतो. तिनं बट उडवली, ओठ जरासे हलले, आणि ती वळली.

इस्त्रीवाली यावेळी ओरडली नाही. जन्मात पहिल्यांदा तिला हळू बोलणं साधलं.

"आलेच," ती म्हणाली. "आलेच हं, म्हणाली दादा."

येते नाही, जाते नाही. आलेच! टोपीवाल्याचं सगळं भांडण धुळीला मिळवून, त्याच्या पाटीच्या नाकावर टिच्चून, आलेच!

लोक उठले, गेले. मुलगी इस्त्रीवालीला घेऊन रिक्षा बघायला बाहेर गेली. मला म्हणाली, "बाबा, या हळूहळू." मी बसून होतो. पडदा पांढरा होता, टोपीवाल्यानं सांगितलं होतं तसाच. तेवढ्यात तिथला दारवान आला, खुर्च्या दुमडत दुमडत, दिवे मालवत मालवत. माझ्यापाशी थांबला.

"आजोबा, खेळ संपला. निघायचं ना?"

मी म्हटलं, "बसतो जरा. बायको यायचीय."

"कुठे गेल्यात?"

मी पडद्याकडे बोट केलं. "आलेच म्हणालीय."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लग्न झालेला असावा. माझ्या शेजारची दुमडलेली खुर्ची त्यानं परत उघडून ठेवली, एक दिवा राहू दिला, आणि निघून गेला.